दारूस ऊन देण्याची आज्ञा

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (इ. स. १७१५) दुर्गांच्या प्रकरणात दारूखान्याविषयी एक लहानशी आज्ञा आढळते. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने येऊन दारू, बाण इत्यादी बाहेर काढावे, त्यांस ऊन द्यावे व पुन्हा मुद्रा करून ठेवावे. काळी दारू दमट हवेत ओलावा धरते. सह्याद्रीच्या पावसाळ्यात न तपासलेला साठा ऐन वेढ्यात दगा द्यावयाचा.

पोर्तुगीजांकडून आलेला ‘काडतूस’ हा शब्द मुळात कागदाच्या सुरळीचा वाचक होय. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये निघाला, त्या सुमारास कागदाची जागा धातूचे कवच घेऊ लागले होते. पुढे १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्येय याने धूरविरहित दारू सिद्ध केली, आणि अमात्यांच्या आज्ञेचा अर्धा भाग उलटला. या दारूस ओलाव्याप्रमाणेच उष्णताही बाधते. पिस्तुलाच्या काडतुसांस ऊन देणे म्हणजे त्यांचे आयुष्य घटविणे होय. नियतकालिक तपासणीची आवश्यकता मात्र तशीच राहिली. पितळेवरील हिरवा गंज, कवचाची चीर, सैल झालेली गोळी, ही आजची लक्षणे. त्यांत सर्वांत फसवी म्हणजे कवचात आत दबलेली गोळी: वरून ती निरुपद्रवी भासते, परंतु आतील जागा आक्रसल्याने उडविताना दाब धोकादायक रीतीने वाढतो. असे काडतूस झाडून पाहावयाचे नसते. ते वेगळे काढून नाशासाठी जाणकाराच्या स्वाधीन करावयाचे असते.