शेळीच्या पोटातली बुरशी

तुळजापूर, लातूर, उदगीर या पट्ट्यातली काळी, काटक शेळी देशभर ‘उस्मानाबादी’ म्हणून ओळखली जाते. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळीचं जुनंच राहिलं. पावसानं दगा दिला तरी बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला आणि वाळलेलं गवत खाऊन ती तग धरते. हा चोथा पचवतात ते तिच्या कोटीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव.

जैवइंधनाचे संशोधक नेमकी हीच क्षमता शोधत आले आहेत. कडब्यातलं सेल्युलोज म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी. ती तोडली की इथेनॉल बनवता येतं. पण लिग्निन हा चिवट पदार्थ तिला घट्ट वेढून असतो. सेल्युलोज तोडणारी बुरशी सापडली ती वेगळ्याच कारणानं. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. त्याचं कारण शोधताना सॉलोमन बेटांवरची एक बुरशी हाती आली आणि १९७७ मध्ये संशोधक एल्विन रीस यांच्यावरून तिला ट्रायकोडर्मा रीसी हे नाव मिळालं. सेल्युलोज तोडणारी विकरं (एन्झाइम) कारखान्यांत आजही मुख्यतः तिच्याच वाणांपासून बनतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम या बुरशीवर असंच काम झालं.

कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांत बुरशीही असते, तिची ओळख पटायला मात्र फार उशीर लागला.

१९१० मध्ये लिबेटान्झ या संशोधकांनी रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात शेपटीवाले, पोहणारे जीव नोंदवले. ते आदिजीव मानले गेले. १९७५ मध्ये संशोधक कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढीच्या पोटातले असे जीव तपासले, तेव्हा ते बुरशीचे बीजाणू निघाले! ऑक्सिजनशिवाय जगणारी बुरशी असू शकते, हे तोवर कुणी मानत नव्हतं. तिचे तंतू काडीत घुसून ती फोडतात आणि विकरं आतलं सेल्युलोज तोडतात.

२०१८ मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह शेळीच्या कोटीपोटातून अशा बुरशीची नवी प्रजातीच नव्हे, नवा वंशही (जीनस) नोंदवला: लिबेटान्झोमायसिस पॉलिमॉर्फस. विस्मरणात गेलेल्या त्या पहिल्या निरीक्षकाचं नाव असं पुन्हा पुढे आलं.

दौंड तालुक्यात प्राज कंपनीचा शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल बनवणारा प्रात्यक्षिक प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला. अशा प्रकल्पांना स्वस्त, दमदार विकरं हवीत. कोटीपोटातली बुरशी मात्र हवेत वाढत नाही, म्हणून तिची जनुकं सोयीच्या सूक्ष्मजीवांत घालून पाहिली जातात.

बंदिस्त शेळीपालनात धान्याचा भरडा वाढला, की कोटीपोटातली बुरशी घटते. म्हणून तुळजापूरच्या माळरानावर चरणाऱ्या उस्मानाबादी शेळ्यांचे नमुने आताच घेऊन त्यातल्या बुरशी जतन करायला हव्यात.