गाळलेल्या जागेचे कूळ

दक्षिण कोरियात नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी, देशभरातल्या विमानतळांवर विमानांचे चढणे-उतरणे बंद होते. जवळपास 35 मिनिटे आलेली विमाने वरच घिरट्या घालत राहतात, कारण खाली लाखो मुले ‘सुनुंग’ या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेत इंग्रजीचे ध्वनिमुद्रित संवाद ऐकत असतात. पेपर 70 मिनिटांचा, प्रश्न 45. त्यांतले 17 ऐकण्याचे आणि 28 वाचण्याचे. बाहेरच्या वार्ताहरांना विमानांचे अप्रूप वाटते, आणि दरवर्षी बातमी होते ती त्याचीच. मुलांची धास्ती मात्र वेगळी असते. अलीकडच्या पेपरांत 31 ते 34 या क्रमांकांवर जे प्रश्न येतात, त्यांत एका लहानशा उताऱ्यातला एखादा शब्द किंवा अख्खा वाक्यखंड गाळलेला असतो आणि खालच्या पाच पर्यायांतून तिथे बसणारा निवडायचा असतो. हुशार मुले गुण गमावतात ती प्रामुख्याने इथे. या प्रश्नाचा वंश मागे मागे शोधत गेले, तर वाट इंग्रजी शिकवणाऱ्या कुठल्याही संस्थेपाशी थांबत नाही. ती थेट 1890च्या दशकातल्या ब्रेस्लाउ शहरात जाते. तिथे प्रश्न इंग्रजीचा नव्हताच. शाळेच्या तासांनी मुले थकतात का, एवढेच नगरपालिकेला जाणून घ्यायचे होते.

पुढे जाण्याआधी एक फरक स्पष्ट करायला हवा. आपल्या शाळांतल्या ‘गाळलेल्या जागा भरा’ या प्रश्नात बहुतेकदा पाठांतर तपासले जाते. शिवाजी महाराजांचा जन्म कोणत्या किल्ल्यावर झाला हे आधीच ठाऊक असेल तर जागा भरते, नसेल तर वाक्य कितीही वेळा वाचून उपयोग नाही. मी ज्या जागेबद्दल लिहितो आहे तिचे उत्तर बाहेर कुठे नसते; ते उताऱ्यातच दडलेले असते आणि मागचा-पुढचा मजकूर जुळवून काढावे लागते. कुणी म्हणेल, मग आपली समस्यापूर्ती तरी याहून वेगळी काय होती? दरबारात शेवटचा चरण देऊन उरलेला श्लोक रचायला सांगत, म्हणजे तीही पोकळी भरणेच. पण समस्यापूर्तीत उत्तरे अगणित, आणि जितके अनपेक्षित तितके सरस. परीक्षेतल्या गाळलेल्या जागेत कौतुक असते ते अपेक्षित शब्दाचे. हेतूच उलटा असल्याने हे कूळ वेगळे मानावे लागते.

ब्रेस्लाउ म्हणजे आजचे पोलंडमधले व्रोत्सवाफ. तेव्हा ते प्रशियात होते. तिथल्या शाळांत सकाळी सलग पाच तास वर्ग चालत. त्याने मुलांच्या मेंदूवर ताण पडतो का, याची चौकशी शहराच्या कारभाऱ्यांनी सुरू केली आणि ती हर्मान एबिंगहाउसपर्यंत आली. हा तिथल्या विद्यापीठातला मानसशास्त्राचा प्राध्यापक. 1885च्या स्मृतीवरच्या ग्रंथाने त्याचे नाव झाले होते. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि किती वेळात विसरतात ते मोजायचे, हे त्या ग्रंथातले काम. आयुष्याचा एक मोठा तुकडा त्याने प्रयोगातून अर्थ हद्दपार करण्यात घालवला होता. आता त्याच माणसाने अर्थावाचून एक पाऊलही पुढे जाता येणार नाही अशी कसोटी बनवली. मुलांना तीन प्रकारची कामे दिली गेली: झटपट आकडेमोड, अंक ऐकून लक्षात ठेवणे, आणि तिसरे म्हणजे अवयव गाळलेला गद्य उतारा पुरा करणे. या उताऱ्यात कुठे पूर्ण शब्द नसे, कुठे एखादे अक्षर, कुठे शब्दाचा निम्मा भाग. ठरलेल्या थोड्या वेळात जितके अवयव बरोबर भरले तितके गुण, आणि सोडलेल्या किंवा अर्थहीन भरलेल्या जागांसाठी वजावट. 1897 साली त्याने निष्कर्ष छापले. थकव्याचा हिशेब फारसा ठाम निघाला नाही. पण वर्गातली हुशार मुले आणि मागे पडणारी मुले यांना सर्वांत चोख वेगळे केले ते तिसऱ्या कसोटीने. एबिंगहाउसने त्यावरून बुद्धीची व्याख्याच मांडली: सुटे, वरवर विसंगत तुकडे एका अर्थपूर्ण अखंडात जुळवण्याची क्षमता म्हणजे बुद्धी. या एका वाक्यावर माझे पुढचे सगळे म्हणणे उभे आहे. गाळलेली जागा जन्मली ती बुद्धीचे माप म्हणून. भाषा तिथे केवळ साहित्य होती. मुले जर्मन, उतारा जर्मन, भाषा सगळ्यांना सारखीच येणारी, म्हणूनच ती मोजमापातून वगळली गेली होती.

पुढचे टप्पे माहितीचे आहेत. आल्फ्रेद बिनेने 1905च्या बुद्धिमापन श्रेणीत वाक्यांतल्या जागा भरण्याचे काम घेतले आणि त्याचे श्रेय एबिंगहाउसला दिले. 1916 साली न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजातून मॅरियन ट्रेब्यूने शाळकरी मुलांसाठी इंग्रजी वाक्यपूर्तीच्या श्रेणी छापल्या. शीर्षकात त्याने ‘भाषा’ हा शब्द घातला, आणि गाळलेल्या जागेने पहिल्यांदा आपले आडनाव बदलले.

पाठ्यपुस्तके मात्र ही वंशावळ सांगत नाहीत. त्यांच्या मते जनक एकच, विल्सन टेलर, आणि साल 1953. टेलर इलिनॉय विद्यापीठात संज्ञापनाचा अभ्यासक होता, आणि त्याला मुलांची परीक्षा घ्यायचीच नव्हती. वर्तमानपत्राचा मजकूर वाचकाला किती सोपा जातो हे मोजायचे होते. तेव्हाची सूत्रे वाक्याची लांबी आणि शब्दांचा अवघडपणा मोजत. त्यांच्या हिशेबी गर्ट्रूड स्टाइनचे गद्य सोपे ठरे, कारण तिचे शब्द आखूड आणि घरगुती; वाचणाऱ्याच्या मात्र हाती काही लागत नसे. टेलरने उताऱ्यातला दर ठरावीक क्रमांकाचा शब्द यंत्रवत गाळला आणि वाचकांना तो ओळखायला लावला. स्टाइन तत्काळ अवघड लेखकांच्या पंगतीत जाऊन बसली. या पद्धतीला त्याने ‘क्लोझ’ म्हटले, गेस्टाल्ट मानसशास्त्रातल्या ‘क्लोझर’वरून: अपुरे वर्तुळ पाहिले तरी मन ते पुरे करून पाहते, ही ती कल्पना.

म्हणजे दावेदार दोन झाले. तिसरा क्लॉड शॅनन. बेल प्रयोगशाळेत त्याने 1951 साली छापील इंग्रजीतले पुढचे अक्षर माणसांकडून ओळखून घेतले आणि भाषेत किती अंश अंदाजाने भरता येतो हे आकड्यांत मांडले. त्याच्या सिद्धान्ताचे पुस्तक वॉरन वीव्हरच्या विवेचनासह 1949 साली छापले ते इलिनॉय विद्यापीठाच्याच मुद्रणालयाने. टेलर काम करत होता त्या आवारात ही हवा भरलेली होती आणि त्याच्या लेखात भाषेतल्या पुनरुक्तीची चर्चा आहेच. त्यामुळे गेस्टाल्टकडून टेलरने नाव घेतले आणि विचार मात्र बराचसा शॅननचा उचलला, असे मला वाटते. वर्तुळ पुरे करणारा डोळा शिकलेला नसतो. शब्द पुरा करणारा वाचक मात्र हजारो वाक्ये वाचून तयार झालेला असतो. गेस्टाल्टचे वर्तुळ या कामाचे वर्णन करायला तोकडे पडते.

टेलरच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद असा की त्याने स्वतःच आपली पद्धत जुन्या वाक्यपूर्तीहून वेगळी ठरवली होती. परीक्षक मनाशी काही धरून शब्द गाळत नाही, मोजून गाळतो. त्यामुळे कोणता अर्थ तपासायचा हे तो ठरवत नाही, उतारा ठरवतो. हा फरक खरा आहे आणि मी तो पूर्ण मान्य करतो. पण तो मान्य केला की वंशनिर्णयाची खूणही हाती येते. दोन शाखा झाल्या: मोजून गाळणारी टेलरची, आणि निवडून गाळणारी एबिंगहाउस-बिने-ट्रेब्यूची. आता कोरियातला प्रश्न पाहावा. उताऱ्यात जागा एकच, आणि तीही अशा ठिकाणी की सगळा युक्तिवाद समजल्याशिवाय भरूच नये. ती परीक्षकाने ताडून निवडलेली असते. 1993 साली पहिल्यांदा झालेल्या सुनुंगचा घोषित हेतूही पाठांतर बाजूला ठेवून विचारशक्ती पाहण्याचा होता, आणि तिच्यापुढे नमुना होता अमेरिकन अभिक्षमता चाचण्यांचा, ज्यांचे मूळ बुद्धिमापनात आहे. अवयव जुळवून पाहिले तर हा प्रश्न टेलरच्या घरचा नाही. चीनच्या गाओकाओत तर नाव एकाचे आणि देह दुसऱ्याचा. तिथे या प्रश्नाला ‘वानशिंग थिएनखोंग’ म्हणतात आणि ‘वानशिंग’ हा गेस्टाल्टसाठीचाच चिनी शब्द आहे. जागा मात्र निवडून गाळलेल्या आणि प्रत्येकीखाली चार पर्याय. टेलरच्या पद्धतीत पर्याय नव्हते. मूळ लेखकाचा नेमका शब्द आला तरच गुण.

यावर आक्षेप येईल की मूळ काहीही असो, आज ही कसोटी इंग्रजीच मोजते. एखाद्या वस्तूचा पहिला उपयोग तिच्या आजच्या उपयोगाला बांधून ठेवत नाही. 1970च्या दशकात जॉन ऑलरने हीच बाजू सर्वांत जोरात मांडली. क्लोझ आणि श्रुतलेखन यांचे गुण एकमेकांशी इतके जुळतात, की भाषाप्रभुत्व ही मुळात एकच अखंड शक्ती असावी आणि पुढे काय येणार याचा अंदाज घेणे हेच तिचे रूप असावे, असे तो म्हणे. पण त्याआधीच, 1959 साली, जॉन कॅरोल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी परक्या भाषांच्या परीक्षेसाठी क्लोझ तपासून सावध इशारा दिला होता: जागा भरण्याचे कसब माणसामाणसांत मातृभाषेतही कमीजास्त असते, आणि परकी भाषा बऱ्यापैकी येणाऱ्याचेही गुण त्यापायी घसरू शकतात. 1979 साली चार्ल्स ऑल्डरसनने दाखवले की दर सहावा शब्द गाळायचा की आठवा, एवढ्या बदलानेही कसोटी वेगळेच काही मोजू लागते. 1982 साली तिमथी शॅनाहन आणि सहकाऱ्यांनी उताऱ्यातली वाक्ये उलटसुलट केली, तरी मोजून गाळलेल्या जागांचे गुण फारसे उतरले नाहीत. म्हणजे ती शाखा वाक्यापलीकडे क्वचितच जाते. ऑलरनेही 1983पर्यंत आपला एकशक्तीचा आग्रह सोडला. या पुराव्यातून मला दिसते ते असे: मोजून गाळले तर कसोटी भाषेच्या जवळ राहते पण उथळ होते, निवडून गाळले तर खोल जाते आणि नेमकी तिथेच पूर्वजाची बुद्धी डोके वर काढते. इंग्लंड-अमेरिकेतले मातृभाषकही सुनुंगच्या या उताऱ्यांपुढे अडखळतात, हे चित्रफितींतून अनेकदा जगासमोर आले आहे. इंग्रजी न आल्याने ते अडखळले असे तर म्हणता येणार नाही. 2023 साली कोरियन सरकारने अतिकठीण प्रश्न काढून टाकण्याचा आदेश दिला, तेव्हा उदाहरणादाखल जाहीर केलेल्या प्रश्नांत इंग्रजीचेही होते.

ऐकण्याच्या परीक्षेतही हेच रक्त आहे, फक्त तिथे गाळणी वेगळी आहे. 1951 साली जॉर्ज मिलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले होते की गोंगाटात सुटा शब्द ऐकू येत नाही, पण तोच शब्द वाक्यात असला की कान तो पकडतो. बर्नार्ड स्पॉल्स्कीने 1968 साली ते सूत्र परक्या भाषेच्या परीक्षेत आणले: ध्वनिमुद्रित इंग्रजी वाक्यांत खरखर मिसळायची आणि विद्यार्थ्याला ऐकलेले लिहून काढायला सांगायचे. स्वच्छ आवाजात परदेशी विद्यार्थी आणि मातृभाषक यांत फार अंतर पडत नाही. खरखर वाढवली की परदेशी विद्यार्थी आधी कोसळतो, कारण हरवलेला तुकडा भरून काढायला त्याच्यापाशी भाषेचा साठा कमी असतो. हीही गाळलेली जागाच, कानाची. आणि माझ्या मते तीच अधिक न्याय्य आहे, कारण खरखर कुणाचा तर्क तपासत नाही. कुठला अवयव गाळायचा हे ती शहाणपणाने ठरवू शकत नाही. कोरिया नेमक्या उलट बाजूला गेला: ऐकण्याचा भाग निर्मळ राहावा म्हणून त्याने आकाश थांबवले आणि सारी काठिण्यपातळी वाचनातल्या चार जागांवर लोटली.

कुळातली सर्वांत ताजी शाखा पुन्हा जर्मनीतच फुटली. 1981 साली ड्युइसबुर्गमध्ये उलरिश राट्झ आणि क्रिस्टीन क्लाइन-ब्रेली यांनी क्लोझच्या दोषांवर उतारा म्हणून ‘सी-टेस्ट’ बनवली. तीत दर दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध गाळतात. एबिंगहाउसच्या उताऱ्यातले ते अर्धे शब्द इथे नव्याने आले, पण आता निवडून नव्हे तर मोजून. दोन्ही शाखांचा संकर म्हणावा असा. जर्मन शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी आजही ही परीक्षा चालते, 8 उतारे आणि प्रत्येकात 20 जागा. तिच्या रचनेत एक अट आरंभापासून आहे, आणि कॅरोलच्या इशाऱ्याला तोंड देणारी तेवढीच आहे: उतारा आधी सुशिक्षित मातृभाषकांना द्यायचा, आणि त्यांना जवळजवळ पूर्ण गुण पडले नाहीत तर तो उतारा टाकून द्यायचा. कोरियातल्या 31 ते 34 या क्रमांकांना ही अट लावली, तर त्यांतले कितीतरी उतारे छापखान्यापर्यंत पोहोचणार नाहीत.