सशाचे ऋण

आमच्या माढ्यात ‘जनावर’ म्हटले की खिल्लार बैल, म्हैस, फार तर शेळी डोळ्यांसमोर येते. आपले पशुवैद्यकही अशाच मोठ्या देहांभोवती वाढले. १८८६ साली परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, तेव्हा मुंबईची ट्रामसुद्धा घोडेच ओढत होते. आज पिंजऱ्यातून बजरीगार, हॅमस्टर, ससे घरात आले आहेत आणि शस्त्रक्रियेत हातांइतकाच डोळ्यांचा कस लागू लागला आहे.

साधा हिशेब पाहा. बजरीगारचे वजन सुमारे ३५ ग्रॅम. रक्त वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे साडेतीन मिलिलिटर. निरोगी पक्षी त्यातला दहावा हिस्सा गेला तरी तगतो. तो हिस्सा भरतो जेमतेम सात थेंब! म्हणून रक्तवाहिनी कापली जाण्याआधी दिसायला हवी.

ती दिसण्याची सोय माणसासाठी झाली. १८७६ मध्ये झेमिश या जर्मन नेत्रवैद्याने शस्त्रक्रियेसाठी डोळ्यांवर भिंग चढवले. १९२१ मध्ये स्टॉकहोमच्या नीलेनने कानाच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणला. १९६० मध्ये अमेरिकेत जेकबसनने १.४ मिलिमीटर व्यासाच्या रक्तवाहिन्या जोडून दाखवल्या. त्या प्राण्यांच्या होत्या. पुढे १९६४ मध्ये हॅरी बंकीने सशाचा तुटलेला कान पुन्हा जोडल्याचे जाहीर केले. त्या कानातल्या वाहिन्या एक मिलिमीटरच्या, प्रयोगशाळा घरच्या गॅरेजमध्ये आणि हत्यारे स्वतः बनवलेली. माणसाची तुटलेली बोटे जोडणारी विद्या अशा कानांवर घोटली गेली.

आता तोच ससा रुग्ण म्हणून टेबलावर येतो. पशुवैद्य बहुधा डोक्याला बांधायचे, अडीच ते चारपट मोठे दाखवणारे भिंग वापरतात. सूक्ष्मदर्शक मोजक्या ठिकाणीच असतो. पट वाढली की दिसणारे क्षेत्र आक्रसते, खोलीचा अंदाज कमी होतो, हाताचा बारीक कंपही मोठा दिसतो. म्हणून भिंगाखाली हात बसायला महिनोन् महिने सराव लागतो.

काहीशे रुपयांच्या जीवासाठी एवढा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. मला हा प्रश्न बाजारभावाचा वाटत नाही. भाकड जनावरे पोसणाऱ्या पांजरपोळांच्या मुलखात तरी तो तसा नसावा. शिवाय सशाच्या बाबतीत देणे आपल्याकडेच निघते: ज्याच्या कानावर आपण शिकलो, त्याच्यासाठी ते भिंग उतरवून ठेवायचे कोणत्या तोंडाने?