नाशिकची टीम कुठाय?

प्रो कबड्डीचा नवा हंगाम जवळ आला की आमच्या ऑफिसात दोन गट पडतात, यू मुंबावाले आणि पुणेरी पलटणवाले. मी दिंडोरीचा. नाशिकची टीमच नाही, तर ओरडायचं कोणाच्या नावाने? या वैतागातून थोडा इतिहास चाळला. वीकेंडला दुसरं काय करणार म्हणा.

आमच्याकडे कबड्डी म्हणजे मंडळ. फक्कीने आखलेल्या रेषा, यात्रेच्या दिवसांत हॅलोजन लावून रात्री उशिरापर्यंत चाललेले सामने, पंच म्हणून शाळेतले पीटीचे सर. आजोबांच्या पिढीसाठी हा खेळ अजून हुतूतूच. पूर्वी गावोगाव नियम वेगळे असायचे. १९२३ साली बडोद्यात ठरलेल्या नियमांनी स्पर्धा झाली, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे प्रात्यक्षिकं केली, १९५० मध्ये अखिल भारतीय फेडरेशन आलं आणि १९९० ला बीजिंगच्या एशियाडमध्ये पहिलं सुवर्ण. महाराष्ट्रात या कामाला शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी आयुष्य दिलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो.

या सगळ्या काळात एक शिडी होती. मंडळ, मग जिल्हा, मग राज्य. आणि वरची पायरी म्हणजे नोकरी! रेल्वे, पोलीस, बँक, एअर इंडिया. पोरगा चढाईत बरा निघाला की घरचे एवढंच विचारायचे, "नोकरी लागेल का?"

२६ जुलै २०१४ ला मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली. आठ शहरं, आठ मालक, लिलाव. पहिल्या लिलावात सर्वात महाग राकेश कुमार, १२.८० लाख. २०२३ मध्ये पवन सेहरावत २.६० कोटींच्या वर गेला. (आमच्या सीटीसीशी तुलना करायची नाही असं ठरलंय :-) )

मी तुलना करतो ती युरोपातल्या बास्केटबॉलशी, कारण क्लबांची लीग कशी घडते ते तिथे स्पष्ट दिसतं. युरोलीगची मूळ स्पर्धा १९५८ ची. तेव्हाचा हिशेब सरळ होता: आधी आपल्या देशात जिंका, मग युरोपात खेळा. पहिली तीन विजेतेपदं रिगाच्या क्लबने नेली. २००० साली मोठ्या क्लबांनी फिबा या जागतिक संघटनेशी फारकत घेऊन स्वतःची लीग काढली. गंमत म्हणजे 'युरोलीग' हे नाव फिबाने ट्रेडमार्क म्हणून नोंदवलंच नव्हतं, क्लबांनी सरळ उचललं! त्या हंगामात दोन लीग, दोन विजेते: मकाबी तेल अवीव आणि किंडर बोलोन्या. पुढे फिबाची लीग बंद पडली आणि मोठ्या क्लबांच्या जागा लांब मुदतीच्या लायसन्सने पक्क्या झाल्या.

म्हणजे ते वर चढले आणि शिडी ओढून घेतली. आपली लीग तर थेट गच्चीवरच बांधली. तरी मला तिकडचं बरं वाटतं. रेआल माद्रिदचा बास्केटबॉल विभाग १९३१ पासूनचा आहे, आणि लुका डोन्चिचला त्यांनी १३ व्या वर्षी आणून स्वतः वाढवलं. आपल्याकडे वाढवण्याचं काम मंडळांचं. १ मार्च २०२४ ला पलटण पहिल्यांदा जिंकली, तेव्हाचा कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला, आणि टीममधला आकाश शिंदे चक्क आमच्या नाशिकचा! हांगझोच्या सुवर्ण संघातही हे दोघे होते.

फुटबॉलमध्ये फिफाचा एक नियम आहे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे विकला गेला की रकमेतले ५ टक्के, त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटतात. कबड्डीतही असं काही यायला हवं. २.६० कोटींचे ५ टक्के म्हणजे १३ लाख. लीग मॅटवर आणि गावातली पोरं अजून मातीवर, अनवाणी. १३ लाखांत एका मंडळाची मॅट येईल, पोरांना बूट येतील, आणि वर यात्रेच्या स्पर्धेची बक्षिसंही निघतील.