‘यापूर्वी कधी नाकारला होता का?’

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्हा नवराबायकोला या हिवाळ्यात परदेशी जायचंय. व्हिसाचा अर्ज भरत होतो आणि एका प्रश्नाशी हात थांबला. यापूर्वी कोणत्याही देशानं तुम्हाला व्हिसा नाकारला आहे काय?

नाकारला होता. पंधरा वर्षांपूर्वी एका मुशायऱ्याचं आमंत्रण आलं होतं, वेगळ्याच देशातून. तुम्ही मायदेशी परताल याची खात्री पटत नाही, असं छापील उत्तर मिळालं. मराठीत कविता लिहिणारा बी.ए. झालेला माणूस तिकडे राहून करणार काय, हे त्यांना कोण सांगणार! अर्ज भरून देणारा पोरगा म्हणाला, “चाचा, ‘नाही’ लिहा. एवढं जुनं कोण बघतंय?”

त्या रात्री मला शापूरजी सकलातवाला आठवले. मुंबईत १८७४ साली जन्मलेले पारशी, जमशेटजी टाटांचे भाचे. इंग्लंडला गेले, कम्युनिस्ट झाले आणि १९२२ साली लंडनच्या बॅटर्सी नॉर्थमधून चक्क ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले. १९२५ मध्ये वॉशिंग्टनला आंतरसंसदीय संघाची परिषद होती. ब्रिटिश खासदारांबरोबर तेही निघणार होते. हाती व्हिसा होता, पण परराष्ट्रमंत्री फ्रँक केलॉग यांनी तो रद्द केला. कारण त्यांची भाषणं. पुढच्याच वर्षी हाइड पार्कमधल्या भाषणासाठी ब्रिटननंही त्यांना दोन महिने तुरुंगात टाकलं.

एवढं होऊनही जानेवारी १९२७ मध्ये ते मुंबईच्या बंदरात उतरले. म्हणजे अमेरिकेचा नकार त्यांना इथं आडवा आला नाही. सभा झाल्या, मिरवणुका झाल्या, गांधीजींशी जाहीर पत्रव्यवहारातून वाद झाला. परत गेल्यावर मात्र पासपोर्टावरची हिंदुस्थानची परवानगी सरकारनं काढून घेतली. तेव्हा कुठल्या मुलुखात जाता येईल ते पासपोर्टावरच लिहिलेलं असे. १९२९ मध्ये हुजूर पक्ष जाऊन मजूर पक्ष सत्तेवर आला. आता तरी बंदी उठेल असं कुणालाही वाटलं असतं, पण नव्या साहेबांनी जुनाच निर्णय उचलून धरला. मुंबईत जन्मलेला हा माणूस जानेवारी १९३६ मध्ये लंडनमध्ये वारला. मुंबई पुन्हा दिसलीच नाही.

माझी गोष्ट त्यांच्यासमोर अगदीच किरकोळ. पण कागद जुना झाला तरी मरत नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं. आता तर कागदही उरला नाही. शेंगेन देशांच्या संगणकात नकाराची नोंद पाच वर्षं राहते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड बोटांचे ठसे आपसांत पडताळून पाहतात.

तरीही कायदा पोरगा म्हणतो तितका भीतिदायक नाही. आधी नाकारलं म्हणून नवा अर्ज आपोआप नाकारता येणार नाही, असं शेंगेनच्या २०१० पासून लागू झालेल्या व्हिसा संहितेतच लिहिलंय. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात अर्जदार स्थायिक व्हायलाच येतोय असं आधी धरतात आणि तसं नाही हे त्यानं पटवून द्यायचं. त्या कलमाखालचा नकार कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की पुन्हा अर्ज करता येतो. खरा धोका लपवण्यात आहे. खोटं लिहिल्याचं सिद्ध झालं तर कॅनडात पाच वर्षं बंदी, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत, आणि अमेरिकेचं दार जन्मभर बंद होऊ शकतं.

मी ‘होय’ लिहिलं. देश, साल, कारण सगळं लिहिलं आणि ते जुनं पत्र पेटीतून शोधून त्याची प्रत जोडली. पोरानं कपाळावर हात मारला.

बायकोचा व्हिसा परवा आला. तिनं डिंकाचे लाडू वळायला घेतलेत. माझा पासपोर्ट अजून तिकडेच आहे.