राजाच्या लेकी आणि मातृवारसा

इ. स. 1663 ते 1673 या काळात फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने सरकारी खजिन्यातून प्रवासखर्च देऊन सुमारे 800 विवाहयोग्य स्त्रिया सेंट लॉरेन्स नदीकाठच्या आपल्या वसाहतीत पाठविल्या, आणि ‘राजाच्या लेकी’ या नावाने इतिहासात रूढ झालेल्या या स्त्रियांपासून क्वेबेकच्या फ्रेंचभाषी समाजाचा मोठा वंशविस्तार झाला. त्यांपैकी 1669 मध्ये विवाहबद्ध झालेल्या एकीने, स्वतःस सुतराम कल्पना नसताना, ऐन तारुण्यात दृष्टी हरण करणाऱ्या एका व्याधीचे बीज सोबत आणले होते. जर्मन नेत्रवैद्य लेबर याने 1871 मध्ये जिचे सविस्तर वर्णन केले, त्या व्याधीचे मूळ पेशीस ऊर्जा पुरविणाऱ्या मायटोकाँड्रियांच्या स्वतंत्र डीएनएत असल्याचे 1988 मध्ये सिद्ध झाले; हा डीएनए मातेकडूनच अपत्यांस मिळत असल्यामुळे, आणि अंधत्व मात्र बहुशः पुत्रांच्या वाट्यास येत असल्यामुळे, तो दोष कन्यांच्या परंपरेतून पिढ्यानपिढ्या अलक्षित वाहत राहिला. पाद्र्यांनी चर्चच्या दफ्तरांत जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी इतक्या चोखपणे राखल्या नसत्या, तर 2005 मध्ये संशोधकांस त्या आद्यमातेपर्यंत पोहोचणे शक्य झाले नसते. जुनी दफ्तरे जतन करणे हे म्हणूनच केवळ इतिहासाचे नव्हे, तर आरोग्याचेही कार्य होय.