रक्तवाहिनीचे अस्तर

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी एखादे वडीलधारे माणूस असे असते की, त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक लहानशी डबी कायम असायची. चढण चढताना छातीत कळ आली की ते गृहस्थ जागच्या जागी थांबतात, डबीतली गोळी जिभेखाली ठेवतात आणि दोन-चार मिनिटांत त्यांचा चेहरा निवळतो. हा प्रकार आम्ही लहानपणापासून पाहत आलो. परंतु ती गोळी आत जाऊन नेमके काय करते, असे कोणा डॉक्टरला विचारले तर पूर्वी एकच उत्तर मिळे : रक्तवाहिन्या रुंदावतात. त्या का रुंदावतात, हे त्यांनाही ठाऊक नव्हते, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. कारण ते जगात कोणालाच ठाऊक नव्हते.

या गोळीचे मूळ दारूगोळ्याच्या कोठारात आहे. इटलीतील तुरीन येथे 1847 साली सोब्रेरो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोग्लिसरीन तयार केले. त्याचा लवलेश जिभेला लावताच डोके ठणकू लागते, हेही त्यानेच नोंदवून ठेवले. पुढे आल्फ्रेड नोबेल याने याच स्फोटक द्रवातून सुरुंगाचे डायनामाइट बनवले आणि अमाप पैसा मिळवला. लंडनचा डॉक्टर मरेल याने 1879 साली हेच द्रव्य अत्यल्प मात्रेत हृदयशूळाच्या रोग्यांना दिले आणि गुण आला. गंमत अशी की, सुरुंगाच्या कारखान्यातील मजूर रविवारची सुट्टी भोगून सोमवारी कामावर आले की त्यांची डोकी दुखत; आणि ज्या मजुरांना हृदयाचे दुखणे होते त्यांना उलट सुट्टीच्या दिवशीच कळा येत! खुद्द नोबेल म्हातारपणी हृदयविकाराने आजारी पडला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला हेच औषध सांगितले. दैवाचा हा विनोद त्याने 1896 साली एका पत्रात लिहून ठेवला आहे. त्याच वर्षी तो वारला.

गुण येत होता, कारण समजत नव्हते. याचे एक कारण आम्हांस असे दिसते की, विल्यम हार्वेने 1628 साली रक्ताभिसरण सिद्ध केल्यापासून विद्वानांचे सारे लक्ष पंपाकडे, म्हणजे हृदयाकडे, लागून राहिले. रक्तवाहिन्या म्हणजे नळ! नळाभोवती स्नायूंचा थर आहे, तो आवळतो आणि सैल पडतो, एवढे मान्य झाले होते. पण त्या नळाला आतून एक अस्तर असते, एका पेशीइतक्याच जाडीचे. त्याला कोण विचारतो? कोटाच्या अस्तराकडे जितके आपण पाहतो, तितकेच शास्त्रज्ञ त्याच्याकडे पाहत.

आता या गोष्टीचा नायक. रॉबर्ट फर्चगॉट याचा जन्म 1916 साली अमेरिकेतील चार्ल्सटन गावी झाला. शिक्षण जीवरसायनाचे, पुढे तो औषधक्रियाशास्त्राकडे वळला. सेंट लुइस येथे असताना त्याने रक्तवाहिन्यांवर प्रयोग करण्याची एक सोपी रीत बसवली. सशाच्या महारोहिणीचा तुकडा घ्यायचा, मोसंबीची साल गोल गोल सोलावी तसा तो नागमोडी कापून त्याची पट्टी करायची, ती ऊबदार क्षारजलात टांगायची आणि तीत औषध घालून पट्टी आवळते की सैल पडते, हे यंत्राच्या रेषेवर पाहायचे. 1953 साली त्याने या प्रयोगांची हकीकत प्रसिद्ध केली आणि ती रीत पुष्कळांनी उचलली.

या पट्टीने एक कोडे मात्र घातले. अॅसिटिलकोलीन हे द्रव्य जिवंत प्राण्याच्या रक्तात सोडले की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब झटकन उतरतो, हे हेन्री डेल याने 1914 सालीच दाखवले होते. फर्चगॉटच्या पट्टीवर तेच द्रव्य घातले की पट्टी उलट आवळे! शरीरात एक आणि भांड्यात दुसरे. असा विरोध दिसला की माणूस दोनपैकी एक करतो : एक तर प्रयोग टाकून देतो, नाहीतर विरोधाची सवय करून घेतो. येथे दुसरे घडले. पंचवीस वर्षे पट्ट्या आवळत राहिल्या आणि त्या तशाच आवळायच्या असतात, असे सर्वजण धरून चालले.

1978 साल उजाडले. फर्चगॉट आता न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील वैद्यकीय महाविद्यालयात होता; वय साठीच्या पलीकडे. या खेपेला काम पट्टीवर नव्हते, महारोहिणीच्या आडव्या कापलेल्या कड्यांवर होते. डेव्हिड डेव्हिडसन नावाचा त्याचा प्रयोगसहायक होता. त्याला सांगितलेला क्रम असा : कड्यावर नॉरअॅड्रेनॅलिन घालून ते आवळू द्यावे, मग ते धुऊन काढावे, मग कार्बाकॉल, म्हणजे अॅसिटिलकोलीनचाच भाऊबंद, घालावा. सहायकाच्या हातून मधली पायरी गळली. धुण्यापूर्वीच त्याने कार्बाकॉल घातला. आणि आवळलेले कडे आणखी आवळण्याऐवजी चक्क सैल पडले!

आता विचार करा. अशा वेळी बहुतेक ठिकाणी काय होते? सहायकाला दोन शब्द ऐकावे लागतात, भांडे ओतून टाकले जाते आणि वहीतले ते पान फाटते. फर्चगॉटने ते पान फाडले नाही. आधीच आवळलेल्या पट्टीवरही अॅसिटिलकोलीन घालून त्याने पूर्वी पाहिले होते आणि ती कधी सैल पडली नव्हती. मग कड्यात असे काय आहे, की जे पट्टीत नाही? रोहिणी तीच, ससाही तोच.

फरक निघाला तो कापण्याच्या रीतीत. पट्टी कापताना तिची आतली बाजू बोटांवर आणि ओल्या कागदावर घासली जाई. कडे कापताना ती घासली जात नसे. मुद्दाम हलक्या हाताने, न घासता पट्टी कापली, तेव्हा तीही सैल पडली. कड्याची आतली बाजू काडीने घासली, तेव्हा ते सैल पडेनासे झाले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता घासलेल्या तुकड्यांवरचे ते एकपेशी अस्तर निघून गेलेले आढळले. म्हणजे पंचवीस वर्षे जगभरचे प्रयोगकर्ते जी गोष्ट शोधायची, ती पहिल्याच हातासरशी पुसून टाकत होते आणि मग ती नाही म्हणून नोंद करत होते! ज्याने ही रीत बसवली, त्यानेच तिचा दोष उघडा केला. आमच्या मते त्याचा खरा मोठेपणा येथे आहे. योगायोगाची वाहवा पुष्कळ झाली.

पुढचा प्रयोग फार सुंदर आहे. अस्तर घासलेली एक पट्टी घेतली, जी एकटी सैल पडत नाही. तिच्या आतल्या बाजूला अस्तर शाबूत असलेली दुसरी पट्टी तोंडाला तोंड लावून ठेवली. अॅसिटिलकोलीन घालताच ती उघडी पट्टी सैल पडली. याचा अर्थ अस्तरातून काहीतरी पाझरते आणि ते स्नायूला जाऊन ‘सैल हो’ असे सांगते. झावाड्झ्की या विद्यार्थ्याबरोबर लिहिलेला त्याचा निबंध ‘नेचर’ नियतकालिकात 1980 साली आला.

ते काहीतरी म्हणजे काय? सापडे तर शपथ. काही सेकंदांतच ते नाहीसे होई. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला गिळून टाकी. सहा वर्षे ही शोधाशोध चालली. 1986 साली अमेरिकेत रॉचेस्टर येथील परिषदेत फर्चगॉट आणि लुई इग्नारो या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सांगितले की हा नायट्रिक ऑक्साइड वायू असावा. मोटारीच्या धुरातला हा वायू, आकाशात वीज कडाडली की तयार होणारा. तो आपल्या रक्तवाहिनीचे अस्तर क्षणोक्षणी तयार करते, यावर कोणाचा विश्वास बसणार? पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये साल्वादोर मोंकादा आणि त्याचे सहकारी यांनी अस्तराच्या पेशींतून निघणारा हा वायू प्रत्यक्ष मोजून दाखवला, आणि शंका मिटली.

आणि त्याबरोबर खिशातल्या डबीचेही कोडे सुटले. फेरिड मुराद याने 1977 सालीच दाखवले होते, की नायट्रोग्लिसरीनसारखी औषधे नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि त्याने स्नायू शिथिल होतो. म्हणजे शंभर वर्षे डॉक्टर जे बाहेरून देत होते, ते शरीर आतल्या आत स्वतःच करत होते.

मग दुखणाऱ्या हृदयात ते कमी का पडते? बॉस्टनच्या डॉक्टरांनी 1986 साली रोग्यांच्या हृदयाच्या रोहिण्यांत थोडे अॅसिटिलकोलीन सोडून पाहिले. निरोगी रोहिणी रुंदावली. आतून चरबीची पुटे धरलेली रोहिणी उलट आवळली. घासलेल्या पट्टीप्रमाणेच! सशाच्या रोहिणीचे अस्तर बोटाने गेले होते, माणसाचे अस्तर तंबाखूच्या धुराने, मधुमेहाने, वाढलेल्या रक्तदाबाने दुबळे होते. लंडनमध्ये 1992 साली एक साधी रीत निघाली : पट्टा आवळून चार-पाच मिनिटे रक्त अडवायचे, मग एकदम सोडायचे आणि धावत्या रक्ताने रोहिणी किती रुंदावते ते ध्वनिलहरींनी मोजायचे. धूम्रपान करणाऱ्यांत, आणि रक्तातील चरबी जन्मतःच जास्त असलेल्या मुलांतसुद्धा, ती कमी रुंदावते असे दिसले. या मुलांना कसलाही त्रास होत नव्हता. हृदयविकार हा पन्नाशीनंतरचा पाहुणा, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

1998 साली नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. मोंकादाला मिळाले नाही. तिघांहून अधिकांना एक पारितोषिक वाटता येत नाही, असा त्या संस्थेचा नियम आहे; परंतु नियमाने न्याय होतोच असे नाही, आणि या निवडीवर तेव्हा बरीच टीका झाली. मोंकादाचे नाव त्यात असायला हवे होते, असे म्हणणाऱ्यांत स्वतः फर्चगॉटही होता.

त्या डिसेंबरात ब्याऐंशी वर्षांचा हा गृहस्थ स्टॉकहोमला व्याख्यानाला उभा राहिला. 1978 सालच्या त्या प्रयोगाची हकीकत त्याने सभेपुढे सांगितली आणि सूचना नीट न पाळणाऱ्या आपल्या सहायकाचे, डेव्हिड डेव्हिडसनचे, नाव घेतले.